उपाशी पोट हा सद्गुण नव्हे !



आपल्या घरचा मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी पुण्यास, मुंबईस अथवा नागपुरास एकटी राहत असेल, तर काल रात्री त्या लेकराच्या पोटात काय गेले, हे आपणांस ठाऊक आहे काय ? परीक्षेचे गुण आपण विचारता. खोलीचे भाडे दिले की नाही, हेही विचारता. "जेवलास ना ?" या प्रश्नास "जेवलो" एवढे उत्तर आले, की आपले समाधान होते व आपण फोन ठेवता. त्या "जेवलो" या शब्दात पुष्कळदा एक वडापाव आणि एक कप चहा एवढाच ऐवज असतो, ही गोष्ट मी वीस वर्षे वकिलीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांमध्ये वावरत असताना पाहत आलो आहे.

काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. "पोटाला चिमटा घ्या, दिवस काढा, पुढे सुख आहे," असे सांगणारे जयंतीच्या व्यासपीठावर भेटतात, नातेवाइकांत भेटतात आणि सरकारी कचेऱ्यांतही भेटतात. या उपदेशाचा समाचार घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे. काटकसर अवश्य करावी, परंतु काटकसरीच्या नावाखाली आपल्या मुलांची जी उपासमार चालली आहे, तिला कोणत्याही सभ्य माणसाने काटकसर म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आदर्शाचा विपर्यास

उपाशी विद्यार्थ्यास गप्प बसविण्यासाठी सर्वांत आधी कोणाचे नाव घेतले जाते ? बाबासाहेबांचे ! ते लंडनमध्ये अर्धपोटी राहून अठरा अठरा तास अभ्यास करीत, मग तुला रात्रीचे जेवण नाही मिळाले तर काय बिघडले, असा हा युक्तिवाद असतो. बाबासाहेबांनी लंडनमध्ये हाल सोसले, यात शंका नाही. परंतु या युक्तिवादाने त्यांच्या चरित्राचा अर्थ उलटा केला आहे.

घटनाक्रम नीट पाहा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून भीमराव कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. १९१६ साली ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा जमवावा, मित्राकडून कर्ज घ्यावे, शाहू महाराजांचे साहाय्य स्वीकारावे, तेव्हा कोठे १९२० साली लंडनचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. पैशाच्या अभावाने बाबासाहेब घडले नाहीत. पैशाच्या अभावाने त्यांची तीन वर्षे खाल्ली! ज्या माणसाने जगातील मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळविल्या, त्याच्याही मार्गात उपासमार हा अडथळाच होता. मग सर्वसामान्य कुटुंबातील मुलाची काय कथा ?

आणि त्या हालांतून बाबासाहेबांनी कोणता धडा घेतला ? "मी सोसले, तुम्हीही सोसा," असे त्यांनी आपल्या मुलांना सांगितले काय ? १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याने भूक पाहिली होती, त्याने पुढील पिढीच्या ताटाची व्यवस्था केली. त्यांचा आदर्श सांगावयाचा असेल, तर हा सांगावा.

बुद्धाच्या धम्मासही उपासमारीचे कौतुक नाही. सिद्धार्थ गौतमाने देह झिजविणारी तपश्चर्या करून पाहिली, ती निष्फळ ठरली, आणि उरुवेला येथे सुजातेने दिलेले अन्न घेऊन तो पुढच्या शोधास लागला. आळवी येथील कथा तर आपल्या प्रत्येक घरात सांगितली जावी. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, थकून, उपाशीच प्रवचनाला आला. तथागतांनी त्याला आधी जेवू घालावयास लावले आणि मगच उपदेश केला; कारण भुकेल्या माणसाच्या कानी धम्म पडला तरी मनात उतरत नाही. जो धम्म प्रवचनाच्या आधी जेवण ठेवतो, त्याच्या अनुयायांनी व्याख्यानाच्या आधी आपल्या मुलाचे जेवण ठेवू नये काय ?

आकडे ठरविणारे आणि आकड्यांवर जगणारे

गरिबाला जगण्यास किती पैसे लागतात, हे या देशात ठरविते कोण ? वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दररोज २,२५० उष्मांकांचे अन्न हे किमान माप धरून हिशोब मांडला होता. निदान त्या हिशोबाच्या मुळाशी पोट होते. पुढे आकडे राहिले आणि पोट विसरले गेले. २०११ साली तत्कालीन नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढे शपथपत्र केले, की शहरात दररोज ३२ रुपये खर्चणारा माणूस दारिद्र्यरेषेच्या वर आहे. हे ३२ रुपये केवळ जेवणाचे नव्हते. त्यात औषध आणि शिक्षणही धरले होते. त्या शपथपत्रावर देशभर टीका झाली. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणी ३२ रुपयांत एक दिवस काढला होता काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

आता आपल्या घराजवळचा आकडा पाहा. ज्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ साली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. योजना चांगली आहे व तिचा लाभ प्रत्येक पात्र विद्यार्थ्याने घेतलाच पाहिजे. परंतु योजना आखताना मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी ठरविलेले आकडे असे होते : वर्षाला भोजनासाठी ३२,००० रुपये, निवासासाठी २०,००० रुपये व निर्वाहासाठी ८,००० रुपये, एकूण ६०,००० रुपये. यास बाराने भागून पाहा. निवासाला महिना १,६६७ रुपये येतात. इतक्या पैशात पुण्या-मुंबईत अंग टाकण्याइतकी स्वतंत्र जागा कोठे मिळते, हे हा आकडा ठरविणाऱ्यांनी दाखवून द्यावे ! भोजनाचे दिवसाला ८७ रुपये ६७ पैसे पडतात. खोलीच्या भाड्यास जी तूट येते, ती विद्यार्थी कोठून भरून काढतो ? या ८७ रुपयांतून. घरमालक थांबत नाही, महाविद्यालय थांबत नाही. थांबते ते केवळ पोट.

आणखी एक गंमत ध्यानात घ्या. या योजनेत विद्यार्थ्याने ७५ टक्के हजेरी लाविली पाहिजे, अशी अट आहे. अट योग्यच आहे. पण पैशाच्या हप्त्याने कोणत्या तारखेस हजर व्हावे ? हप्ते महिनोन् महिने रखडतात, ही विद्यार्थ्यांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. वर्गात गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे पैसे बंद होतात. गैरहजर हप्त्यास कोण जाब विचारणार ?

एकटा माणूस महाग का पडतो

"पाच माणसांचे घर आम्ही इतक्या पैशात चालवितो, मग तुला एकट्याला एवढे कशाला लागतात ?" असे वडील मंडळी विचारतात. या प्रश्नामागे गैरसमज आहे. घरच्या खर्चास पाचाने भागले म्हणजे एकट्याचा खर्च निघत नाही. खोली एक असो वा माणसे तीन असोत, भाडे एकच असते. एका माणसाची खिचडी शिजविण्यास जेवढा गॅस लागतो, तेवढ्याच्या जवळपास गॅसवर तिघांची शिजते. एकटा माणूस तेल पुडीतून घेतो, साबण व चहा पाकिटातून घेतो, आणि लहान पुडीचा भाव नेहमीच मोठ्या मापापेक्षा चढा असतो. पालेभाजीची जुडी एकट्यास दोन दिवस पुरते व तिसऱ्या दिवशी सडते. हा एकटेपणाचा कर आहे. तो कोणत्याही अर्थसंकल्पात छापलेला नसतो, पण रोज वसूल होतो.

आपल्या मुलांना त्यावर आणखी एक कर भरावा लागतो. आडनाव ऐकून खोली नाकारली जाते. मग दूरची किंवा महागडी खोली घ्यावी लागते, आणि बसचे भाडे वाढते. कोठे "मांसाहार चालणार नाही" अशी अट असते. या अटीचा अर्थ केवळ आवडीनिवडीपुरता नाही. अंडे, सुकट, बोंबील हे गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिन आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात व ते पाच-दहा मिनिटांत शिजते. तेच दारातून परत पाठविले, म्हणजे भाड्याच्या पावतीत न दिसणारी रक्कम विद्यार्थ्याच्या शरीरातून वसूल केली जाते.

उपाशी राहून पैसा वाचतो, हा सर्वांत मोठा भ्रम आहे. मी विधी महाविद्यालयात असताना आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. आमच्यापैकी एकाने रात्रीचे जेवण बंद केले आणि त्या पैशाची रास मांडू लागला. सहा-सात महिन्यांनी खोकला सुरू झाला व क्षयाचे निदान झाले. वाचविलेला पैसा तपासण्यांत व गावी जाण्या-येण्यात गेला, वर्ष बुडाले ते निराळेच. हा एकट्याचा अपवाद नव्हता. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना पौष्टिक शिधा देऊन पाहिला गेला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले, की शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. अन्न हेच औषध ठरले ! आमच्या राज्यव्यवस्थेचा न्याय मात्र असा, की क्षय झाल्यावर रुग्णास पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात (२०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ते ५०० होते), आणि क्षय होऊ नये म्हणून ज्याने जेवावे त्या विद्यार्थ्याचा भोजनभत्ता कचेरीत पडून राहतो.

पहिला पैसा अन्नाला

तेव्हा करावयाचे काय ? पहिला नियम असा ठेवा, की हातात पैसा आला त्या दिवशी पहिला खर्च अन्नाचा. आपल्याकडे याच्या उलट चालते. भाडे जाते, फोनचे पैसे जातात, मित्राची उसनवारी जाते आणि उरलेल्यावर जेवण बेतले जाते. उरलेल्यावर बेतलेले जेवण महिन्याच्या विसाव्या दिवशी संपते. म्हणून महिन्याचे धान्य, डाळ, तेल, मीठ, शेंगदाणे एकदम व मोठ्या मापात भरा आणि मग बाकीच्या खर्चास हात घाला.

किती भरावे ? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे मार्गदर्शन दिले, त्यात २,००० उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य व ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितली आहेत. जोडीला भाज्या, फळ, दूध व शेंगदाण्यासारखी तेलबी आहे. म्हणजे महिन्याला साडेसात किलो धान्य व अडीच किलो डाळ. भाज्या-दुधाचा वाटा ज्यास परवडत नाही, त्याला धान्य थोडे अधिक लागेल. ३०० ग्रॅम धरा. आता प्रथिनांचा हिशोब पाहा. ६० किलो वजनाच्या माणसास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ३०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३०, ७५ ग्रॅम डाळीतून सुमारे १७, मूठभर शेंगदाण्यांतून ७ व एका अंड्यातून ६ ग्रॅम येतात. झाली गरज पुरी ! भाकरी आणि पिठले, मुगाची खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, एक अंडे, जी स्वस्त असेल ती पालेभाजी, हे राजाचे जेवण नाही. परंतु यावर माणूस अभ्यास करू शकतो. वडापावने भूक मरते, पोषण होत नाही.

ज्या खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ घेतात, तेथे सुट्टीच्या दिवसांचे पैसे वजा होतात की नाही, हे आधी विचारून लिहून घ्या. बसचा विद्यार्थी-सवलतीचा पास पहिल्या आठवड्यातच काढा. आणि फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांपासून दूर राहा. जेवणासाठी घेतलेले असे कर्ज पुढील महिन्याचे जेवण आधीच खाऊन टाकते.

काही जण म्हणतील, की पैशाचा असा बारीक हिशोब करणे हे कंजूषपणाचे लक्षण आहे. त्यांना बुद्धाने कोलिय देशात दीघजाणू नावाच्या गृहस्थास दिलेला उपदेश माहीत नसावा. गृहस्थाच्या सुखाच्या चार गोष्टींत बुद्धाने समजीविता, म्हणजे आय व व्यय यांचा तोल सांभाळून जगणे, ही एक गोष्ट सांगितली. त्यात उधळ्या माणसाला जसा दोष दिला आहे, तसाच पैसा असून अन्नावाचून मरणाऱ्या कृपणालाही दिला आहे. तराजू दोन्ही पारड्यांनी चालतो, याचा विसर आपल्या उपदेशकांना पडला आहे.

मागा, कारण ते आपले आहे

दुसरा नियम : जे कायद्याने आपले आहे, ते लाज न धरता घ्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिना ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, व २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य दिले जात आहे. वर सांगितलेल्या साडेसात किलोंपैकी दोन तृतीयांश धान्य येथेच आले ! शिधापत्रिका गावी आहे म्हणून शहरातील मुलाने आपला वाटा सोडण्याचे कारण नाही. एक देश एक शिधापत्रिका ही व्यवस्था २०२२ पासून सर्व राज्यांत लागू आहे. कुटुंबाच्या पत्रिकेत नाव असेल व आधार जोडलेले असेल, तर शहरातील रास्त भाव दुकानात अंगठा लावून तो आपला वाटा उचलू शकतो व उरलेले धान्य घरच्यांना गावी मिळते. दुकानदार "येथे मिळणार नाही" म्हणाला, तर कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी व राज्यात अन्न आयोग ठेविला आहे. धान्य दिलेच नाही, तर त्याऐवजी अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असेही कलम ८ सांगते.

"फुकटचे धान्य" असा टोमणा कोणी मारला, तर त्यास सांगा, की हा शब्द कायद्यात नाही. तेथे "हक्क" हा शब्द आहे.

नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक भीती असते : धर्म बौद्ध लिहिला तर शिष्यवृत्ती जाईल. एके काळी ही भीती खरी होती. १९५६ नंतर आमच्या मुलांना केंद्राच्या सवलतींस मुकावे लागले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली व बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा आता ही भीती बाळगण्याचे कारण नाही. जातीचा दाखला वेळेवर काढा, कागदांवरील नावे एकसारखी ठेवा आणि अर्जाची मुदत चुकवू नका. भीतीपोटी अर्ज न करणे म्हणजे आपल्या मुलाचे ताट आपणच मागे सारणे होय.

खोली नाकारली गेली तर ? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर राहावी, असे त्याच कायद्याचे कलम १२ सांगते. हे कलम पुष्कळांना माहीत नाही. ते पाठ करून ठेवा.

हिशोबाची वही हे शस्त्र आहे

तिसरा नियम मी वकील म्हणून सांगतो. रोजचा खर्च तारीखवार वहीत लिहा. ही वही केवळ पैसा वाचविण्यासाठी नाही. हप्ता कोणत्या महिन्यात यावयास हवा होता, तो कधी आला, मधल्या काळात किती उसने घेतले, किती दिवस एक वेळ जेवून काढले, हे सारे त्यात लिहिलेले असेल, तर ती वही म्हणजे पुरावा होतो. "आमचे फार हाल होतात" या वाक्याला कचेरीत किंमत नसते. "जुलैचा हप्ता डिसेंबरात आला व या पाच महिन्यांत मी इतके कर्ज केले," या वाक्याला उत्तर द्यावे लागते. पन्नास विद्यार्थ्यांनी अशा पन्नास वह्या एकत्र केल्या, तर त्यांतून निवेदन तयार होते, आणि निवेदनास दाद मिळाली नाही तर याचिका तयार होते. अन्नाचा प्रश्न २००१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला तो राजस्थानातील भूक आणि सरकारी गोदामांतील धान्य यांचा हिशोब समोर ठेवूनच गेला.

हप्ता का रखडला, हे विचारण्यास माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्यानुसार अर्जाचे शुल्क १० रुपये आहे व उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. एका चहाच्या पैशात सरकारला लेखी प्रश्न विचारता येतो ! तेव्हा, आपल्या मुलांना वडापाव खाऊन गप्प बसावयास शिकवू नका. अर्ज लिहावयास शिकवा.

चूल एकट्याची नको

शेवटी आपणां सर्वांना, समाज म्हणून, काही विचारावयाचे आहे. एकटेपणाचा कर मी वर सांगितला. तो चुकविण्याचा एकच खरा उपाय आहे, आणि तो आपल्या वडीलधाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी समजला होता. १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे केले. तेथे मुले एकत्र राबत व एका पंगतीत जेवत. पुढच्याच वर्षी सोलापूरचे वसतिगृह निघाले, त्याचा उल्लेख वर आलाच आहे. त्या काळी आमच्या लोकांजवळ आजच्या मानाने काहीच नव्हते, तरी विद्यार्थ्याची चूल सामाईक करावी हे त्यांनी ओळखले.

आज आपल्या प्रत्येक शहरात विहारे आहेत, मंडळे आहेत, नोकरदारांच्या संघटना आहेत. जयंतीला वर्गणी जमते, मंडप उभे राहतात, ध्वनिक्षेपक रात्रभर वाजतात. लग्नात ऐपतीबाहेर खर्च होतो. ज्या बापाने मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढले, त्यानेच ती शिकत असताना तिला "खानावळ बंद कर, काहीतरी करून भागव" असे सांगितले होते, अशी घरे मी पाहिली आहेत. मुली तर सर्वांत आधी स्वतःचे जेवण कापतात आणि घरी कळू देत नाहीत. हा त्याग नव्हे, बंधूंनो. हे आपण त्यांच्यावर लादलेले दारिद्र्य आहे.

एका विहारामागे दहा विद्यार्थ्यांची एक सामाईक खानावळ चालविणे अशक्य आहे काय ? दहा शिधापत्रिकांचे ५० किलो धान्य तर आधीच हक्काचे आहे. डाळ, तेल, गॅस एकत्र घेतले, की पुडीचा भाव जातो आणि भाजी सडत नाही. पाळीने स्वयंपाक, आणि त्या पाळीत मुलगेही. हिशोबाची वही भिंतीवर टांगलेली. हप्ता रखडला तर दोन महिने चूल चालेल एवढा निधी मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून बाजूला काढावा. यासाठी सरकारची परवानगी लागत नाही, मोठा देणगीदारही लागत नाही.

तोपर्यंत निदान एक करा. आज रात्री आपल्या मुलास किंवा मुलीस फोन लावा, आणि "जेवलास काय ?" असे विचारून थांबू नका. काय जेवलास, कोठे जेवलास, उद्याच्या जेवणाचे पैसे आहेत काय, हप्ता आला काय, रेशनचा वाटा उचललास काय, असे विचारा; आणि उत्तर ऐकून घेतल्यावर पुढच्या रविवारी आपल्या विहारात चार माणसे बोलवा. परीक्षेस अजून अवकाश आहे, पण जेवणाची वेळ रोज येते.